तांबट आळीचा ठोका आणि लक्ष्मी रोडचा हॉर्न

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून इथे तांब्याचे हंडे, कळश्या, घंगाळी, बंब घडत आले. स्टीलच्या भांड्यांनी आणि गीझरनं धंदा बराच खाल्ला, तरी काही घरांतून मठारकाम अजून चालतं. मठारकाम म्हणजे घडवलेल्या भांड्यावर एकाला एक लागून हातोडीचे ठोके मारत जायचं. त्यानं पत्रा कडक होतो आणि भांड्याच्या अंगावर ते ओळखीचे चकाकते ठसे उमटतात. भट्टीतून निघालेलं मऊ तांबं ठोक्याला बद्द बोलतं, कडक होत गेलं की खणखणायला लागतं. जाणत्या कानाला भिंतीपलीकडूनही कळतं की काम कुठवर आलंय.

आता हाच ठोका कागदावर कसा दिसतो ते पाहू. परिसरातला आवाज कसा मोजावा हे सांगणारं आयएसओ १९९६ नावाचं (हा क्रमांक आहे, साल नव्हे) एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. काही आवाज मीटरवर दिसतात त्याहून माणसाला जास्त खुपतात, म्हणून मोजलेल्या आकड्यात वरून भर घालावी, असं ते सांगतं. अचानक बसणाऱ्या, टोकदार आवाजांसाठी ही भर चांगली १२ डेसिबलची आहे. त्यांच्या यादीत बंदुकीच्या फैरी आहेत, खिळे ठोकायची यंत्रं आहेत, रस्ता फोडायचे ब्रेकर आहेत आणि धातूवर मारलेला हातोडाही आहे. म्हणजे मानकाच्या लेखी तांबट आळी आणि गोळीबाराचं मैदान एकाच रांगेत.

पण पेठेतल्या जुन्या माणसांशी आवाजाविषयी बोलायला लागा. तक्रार सुरू होते ती हॉर्नपासून, फटफट करत जाणाऱ्या बुलेटपासून, शेजारच्या इमारतीत चाललेल्या ड्रिलपासून. हातोडीचा विषय आपणहून निघत नाही, आणि तुम्ही काढलाच तर ‘हल्ली पूर्वीसारखा आवाज येत नाही’ असं काहीतरी ऐकायला मिळतं, तेही हळहळत. मानक चुकीचं आहे असं नाही. ते सरासरी माणसाचं, सरासरी जागेचं आहे. जुन्या वस्तीत मात्र कान सरासरीनं ऐकत नाही. आवाज कोणाचा, कशासाठी, केव्हा थांबणार आणि आपलं त्याच्याशी काय नातं, हे सगळं तो एकदमच ऐकतो. गेल्या काही दशकांत संशोधकांनी यातलं बरंच उलगडलं आहे, ते इथे सोपं करून सांगतो.

आधी आकड्यांचं बघू

डेसिबलची पट्टी सरळ चढत नाही. ५५ चे ६५ झाले की आपल्याला वाटतं दहानं वाढले, पण तेवढ्यात हवेतून येणारी ध्वनिऊर्जा दहापट झालेली असते. कानाला मात्र तो आवाज साधारण दुप्पट मोठा भासतो. उलटही खरं आहे. एका रिक्षाशेजारी अगदी तशीच दुसरी सुरू झाली तर मीटर फक्त ३ डेसिबलनं हलतं. तेव्हा ‘तीनच डेसिबल तर जास्त आहे’ असं कोणी म्हणालं तर लक्षात घ्यावं की रस्त्यावरची वाहनं दुप्पट होणं म्हणजे हेच ‘तीनच’.

आपल्याकडे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. पेठेतल्या कुठल्याही वाहत्या चौकात उभं राहिलात तर ५५ हा आकडा निव्वळ शोभेचा आहे हे मीटरशिवायही कळेल.

हे आकडे लागतातच, त्यांच्याशिवाय कायदा चालणार नाही. पण एकाच रस्त्यावर राहणाऱ्या दोन माणसांना सारखाच आवाज वेगवेगळा का छळतो, हे आकडा सांगू शकत नाही. आवाजाच्या त्रासावर काम करणारे लोक साधारणपणे असं मानतात की माणसामाणसांतल्या या फरकापैकी फार तर एक तृतीयांश भाग आवाजाच्या पातळीनं उलगडतो. उरलेल्यात माणसाची जात्याच असलेली संवेदनशीलता येते, आवाज करणाऱ्याविषयीचं मत येतं, त्या आवाजाची गरज पटलेली आहे की नाही हे येतं, आणि आपण त्याबाबत काही करू शकतो का हेही.

वस्तीचा तंबोरा

१९६० च्या दशकाच्या शेवटी कॅनडातल्या व्हँकुव्हर भागात रेमंड मरे शेफर नावाच्या संगीतकारानं सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या आपल्या सहकाऱ्यांबरोबर एक वेगळाच उद्योग आरंभला. शहराच्या गोंगाटावर नुसतं ओरडण्यापेक्षा शहर ऐकून तरी पाहू, म्हणून ते टेपरेकॉर्डर घेऊन हिंडले. एखाद्या जागेचं जसं दृश्य असतं तसा तिचा ध्वनिपटही असतो, ही कल्पना त्यांनी रुजवली. त्या पटातल्या आवाजांचे शेफर यांनी केलेले तीन प्रकार अजून वापरात आहेत.

पहिला प्रकार पार्श्वभूमीचा. मैफलीत तंबोरा सतत चालू असतो, कोणी त्याच्याकडे कान देऊन बसत नाही, पण सगळं त्याच्यावर उभं असतं. वस्तीलाही असा आधारस्वर असतो. समुद्राकाठच्या गावात तो लाटांचा असतो. पेठेत एके काळी तो माणसांच्या बोलण्याचा, चपलांचा, सायकलच्या घंट्यांचा असावा. आता तो दुचाकींच्या इंजिनांचा आहे. आधारस्वर बदलला हे रहिवाशाला पटकन उमगत नाही, कारण तो मुळात लक्ष देऊन ऐकलाच जात नाही. पाहुणा आला की तो आधी तेच बोलतो: ‘किती आवाज आहे हो तुमच्याकडे!’ आणि यजमान विचारतात, ‘कसला?’

दुसरा प्रकार निरोपाचा. हे आवाज ऐकले जावेत म्हणूनच केलेले असतात. घंटागाडीची घंटा, शाळेची घंटा, अजान, देवळातली आरती, भाजीवाल्याची आरोळी. इथे एक गंमत पाहा. पणजीच्या फोंतेन्यश या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत पोदेर सायकलवरून पाव विकायला येतो तो रबरी भोंपू वाजवत. तोही हॉर्नच. तो ऐकून लोक खिडकीतून हाक मारतात, पिशवी घेऊन दारात येतात. लक्ष्मी रोडवरच्या हॉर्नलाही निरोपच द्यायचा असतो, ‘बाजूला हो’, पण तो शंभर जणांना ऐकू जातो आणि त्यातला एखादाच बाजूला होऊ शकतो. उरलेल्या नव्याण्णवांसाठी तो पत्ता चुकलेला निरोप असतो. आवाज छळतो तो बऱ्याचदा अशा चुकलेल्या पत्त्यामुळे.

तिसरा प्रकार खुणेचा. जो आवाज ऐकला की ती जागाच ओळखू यावी. तांबट आळीचा ठोका हा असा. मुंबईच्या गिरणगावात गिरण्यांचा भोंगा असाच होता; पाळ्या तर त्यावर चालतच, पण गिरणीशी संबंध नसलेल्या घरांतही त्यावर चुली पेटत आणि पोरं शाळेला निघत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या एकामागोमाग एक बंद पडल्या आणि त्या भागानं कामाबरोबर आपलं घड्याळही गमावलं.

जपाननं या खुणांची चक्क यादी केली. १९९६ साली तिथल्या पर्यावरण खात्यानं देशभरातले १०० ध्वनिपट जतन करण्याजोगे म्हणून निवडले. टोकियोजवळ कावागोए नावाचं गाव आहे, काळ्या गिलाव्याच्या जुन्या वखारींसाठी प्रसिद्ध. तिथल्या लाकडी मनोऱ्यातली वेळेची घंटा या यादीत आहे. ती आजही दिवसातून चार वेळा वाजते: सकाळी ६, दुपारी १२, ३ आणि संध्याकाळी ६. वखारींची रांग जशी जपायची तशीच घंटाही, असा सरळ हिशोब. आपल्याकडे महापालिका वारसा वास्तूंना श्रेणी देतात. वाड्याचा दर्शनी भाग, नक्षीदार खांब, दरवाजा यांची नोंद होते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचा नगारखाना वास्तू म्हणून जपला जातो. नगारा कसा वाजत असे आणि कुठवर ऐकू जाई, याला कुठल्याच श्रेणीत जागा नाही.

गजबज आणि गोंगाट

ध्वनिपट या कल्पनेला २०१४ साली स्वतःचं आंतरराष्ट्रीय मानक मिळालं, आयएसओ १२९१३. त्यातली व्याख्या महत्त्वाची आहे: ध्वनिपट म्हणजे माणसाला एखाद्या संदर्भात जसा जाणवतो, अनुभवाला येतो किंवा समजतो तसा तिथला आवाजी परिसर. मीटरला ऐकू येतो तो नुसता परिसर. ध्वनिपट व्हायला माणूस लागतो.

मग हे ‘जाणवणं’ मोजायचं कसं? स्वीडनच्या संशोधकांनी २०१० मध्ये एक पद्धत मांडली ती आता सर्रास वापरतात. लोकांना आवाजाचे नमुने ऐकवून शंभराहून जास्त विशेषणांतून त्यांचं वर्णन करायला लावलं आणि उत्तरांचं गणित मांडलं, तेव्हा सगळा पसारा मुख्यतः दोन प्रश्नांत बसला. हे ऐकायला बरं वाटतं की नकोसं? आणि इथे खूप काही घडतंय की फारसं काही नाही? या दोन प्रश्नांच्या छेदातून चार कोपरे तयार होतात. बरं वाटणारं आणि घडामोडींनी भरलेलं, ती गजबज. नकोसं आणि भरलेलं, तो गोंधळ. बरं आणि निवांत, ती शांतता. नकोसं आणि काहीच न घडणारं, तो कंटाळा. सतत घरघरणाऱ्या एसीखालची बोळ आठवा.

मला ही मांडणी आवडते ती एवढ्यासाठी की तिनं ‘कमी आवाज म्हणजे चांगला परिसर’ हे समीकरण मोडीत काढलं. मंडईत सकाळी दहाला उभे राहा. गाळ्यागाळ्यावरून भाव पुकारले जातायत, हातगाड्या, पोती आपटल्याचा आवाज, घासाघीस. मीटर चांगलंच वर जाईल. पण बहुतेक लोक त्याला गजबज म्हणतील, कारण कानावर पडणारा जवळजवळ प्रत्येक आवाज माणसाचा आहे आणि त्या जागेला शोभणारा आहे. तोच आकडा रात्री अकराला निवासी बोळात जनरेटरनं गाठला तर कोणी त्याला गजबज म्हणणार नाही. हे ‘शोभणं’ संशोधनातही वेगळा प्रश्न म्हणून विचारलं जातं: आत्ता ऐकू येणारे आवाज या जागेला कितपत साजेसे आहेत? जुन्या वस्त्यांच्या बाबतीत या प्रश्नाला विशेष वजन असतं, कारण तिथे लोक काहीतरी अपेक्षा घेऊनच येतात. नक्षीदार लाकडी सज्जाखाली डीजे लावला की तो सपाट काँक्रीटच्या मैदानातल्या डीजेपेक्षा जास्त खटकतो. डोळे कानांना सांगत असतात की इथे काय ऐकू यायला हवं.

वाडा कसा ऐकायचा

जुन्या वस्तीचे आवाज वेगळे वाटण्यामागे निव्वळ भौतिकशास्त्रही आहे.

मोकळ्या मैदानात एका ठिकाणाहून निघालेला आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलनं उतरतो. अरुंद बोळात तसं होत नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती समोरासमोर, त्यामुळे आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत पुढे सरकतो आणि उशिरा विरतो. म्हणून बोळात दोघं हळू बोलली तरी पहिल्या मजल्यावर ऐकू येतं, आणि एकटी बुलेट शिरली तर अख्खी आळी हादरते. पण हाच बोळ वळलेला असेल तर वळणापलीकडच्या मोठ्या रस्त्याचा आवाज आत यायला चांगलीच धडपड करावी लागते. जुन्या पेठा वळणावळणाच्या. आतला आवाज आत घोळतो, बाहेरचा बाहेर राहतो. त्यातून तयार होतो एक छोटा श्राव्य मोहल्ला, जिथे शेजाऱ्याची खोकल्याची उबळ ओळखता येते आणि शंभर पावलांवरचा हमरस्ता जवळजवळ ऐकू येत नाही.

भिंती कशाच्या आहेत त्यावरही पुष्कळ अवलंबून. वाड्याचा दर्शनी भाग म्हणजे लाकडी खांब, सज्जे, कोनाडे, विटा, मातीचा गिलावा, कौलं. असा खडबडीत, खोलगट पृष्ठभाग आवाज विखुरतो. त्याजागी काच, ग्रॅनाइट आणि सपाट प्लास्टर आलं की तोच आवाज एकसंध परत फेकला जातो.

आणि चौक. वाड्याचा खरा ध्वनिशास्त्रीय चमत्कार चौकात आहे. रस्त्याकडे पाठ फिरवून घर आतल्या मोकळ्या जागेकडे तोंड करतं. स्वीडनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रहदारीच्या रस्त्यावर राहणाऱ्या लोकांची दोन गटांत तुलना केली: ज्यांच्या घराला मागच्या अंगानं शांत बाजू आहे ते, आणि ज्यांना ती नाही ते. शांत बाजू असलेल्यांचा त्रास इतका कमी निघाला की जणू रस्त्याचाच आवाज ५ डेसिबलनं उतरला असावा. रस्ता तोच, वाहनं तीच. घरात कुठेतरी एक खोली अशी आहे की जिथे जाऊन दार लोटता येतं, एवढ्यानं हे घडलं. चौक आणि परसू म्हणजे नेमकी ही शांत बाजू.

पुनर्विकासात वाडा जातो तेव्हा बहुधा चौक आधी जातो, कारण चटईक्षेत्राच्या हिशोबात ती ‘वाया गेलेली’ जागा. नव्या इमारतीत खाली पार्किंग, वर चारही बाजूंनी खिडक्या, आणि प्रत्येक खिडकी कुठल्या ना कुठल्या रस्त्याकडे. सातव्या मजल्यावर गेलं की बोळाच्या वळणाचा आडोसाही संपतो, तीन रस्त्यांचा आवाज एकदम वर येतो. लिफ्ट मिळाली, शांत बाजू गेली. माझ्या मते पेठांच्या पुनर्विकासावर होणाऱ्या चर्चांत हा मुद्दा फारच कमी येतो. नक्षी वाचवावी की नाही यावर दहा माणसं भांडतात, चौकासाठी कोणी उभं राहत नाही.

लॉकडाउनमधले पक्षी

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा ठिकठिकाणचे लोक म्हणत होते की पक्षी जोरात गायला लागलेत. सॅन फ्रान्सिस्कोत डोक्यावर पांढरे पट्टे असलेल्या एका चिमणीवर्गीय पक्ष्याचा वर्षानुवर्षं अभ्यास चालू होता, त्यामुळे तिथे हे तपासता आलं. निष्कर्ष उलटा निघाला. पक्षी आधीपेक्षा हळू गात होते. रहदारीच्या घरघरीवर मात करायला एरवी त्यांना आवाज चढवावा लागे, ती गरज संपली होती. तरीही त्यांचं गाणं आधीच्या दुपटीहून जास्त अंतरावर पोचत होतं.

याला आवाज झाकला जाणं म्हणतात. एका आवाजाखाली दुसरा बुडतो, आणि खालच्या पट्टीतली सततची घरघर यात भलतीच पटाईत असते. पेठेत नेमकं हेच झालं आहे. वासुदेवाचे टाळ, कल्हईवाल्याची आरोळी, शेजारच्या वाड्यातला पेटीचा रियाज यांतले काही आवाज खरोखर संपले, पण काही नुसते बुडाले आहेत. पहाटे साडेपाचला बाहेर पडलात तर त्यांतले एखाददोन वर आलेले सापडतील.

झाकण्याचा उपयोग उलट्या दिशेनंही करून घेतात. चौकातलं कारंजं रहदारी बंद करत नाही, फक्त कानाला धरायला दुसरं काहीतरी देतं. इंग्लंडमध्ये शेफील्ड रेल्वे स्थानकासमोर याच हेतूनं वाहत्या पाण्याची रचना केली आहे.

थांबवता येतं हे माहीत असणं

१९७० च्या आसपास डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, तो मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. लोकांना कामाला बसवलं आणि मध्येमध्ये कानठळ्या बसवणारा आवाज ऐकवला. एकावर एक चढवलेलं स्पॅनिश आणि आर्मेनियन बोलणं, टंकलेखन यंत्र, हिशोबाचं यंत्र, छपाईचं यंत्र, सगळी खिचडी. काहींना सांगितलं, अगदीच असह्य झालं तर हे बटण दाबा, आवाज थांबेल. पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलं नाही. म्हणजे दोन्ही गटांनी सारखाच आवाज ऐकला. नंतर शांततेत त्यांना कोडी सोडवायला आणि मुद्रितं तपासायला दिली. ज्यांच्याकडे बटण होतं ते जास्त वेळ चिकाटीनं बसले आणि त्यांनी चुकाही जास्त पकडल्या. न वापरलेल्या बटणानं एवढा फरक पाडला.

आता तांबटाकडे परत या. शेजाऱ्याला तांबटाचं नाव माहीत असतं. घरात आजारी माणूस असलं तर ‘आज दुपारी जरा थांबाल का?’ असं जाऊन सांगता येतं. बहुधा कोणी सांगत नाही, पण ते बटण भिंतीवर आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. हॉर्न मारणाऱ्याला असं सांगता येत नाही, तो तोवर अप्पा बळवंत चौकात पोचलेला असतो. आळीत नव्यानं भाड्यानं राहायला आलेल्या आणि घरून काम करणाऱ्या तरुणाकडेही हे बटण नसतं. त्याला त्या ठोक्यामागचं नाव, काम, वेळ काहीच माहीत नाही. त्याच्यासाठी तो फक्त ठोका, १२ डेसिबलच्या भरीसकट. त्याची तक्रार खोटी ठरवायचं कारण नाही. तो खरंच वेगळा आवाज ऐकतोय.

गणेशोत्सवाचं कोडंही यातून थोडं सुटतं. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडच्या चौकाचौकांत दरवर्षी आवाज मोजला जातो. २०२२ आणि २०२३ मध्ये सरासरीच १०० डेसिबलच्या पुढे गेली. तरी ढोलपथकातल्या मुलीला तो आवाज जाणवतो तो स्वतःच्या हातातून निघालेला. तारीख पंचांगात छापलेली, शेवट ठरलेला, आणि त्यात आपलं माणूस. तोच आवाज रस्त्यालगतच्या घरातल्या हृदयविकाराच्या रुग्णाला बटण नसलेल्या खोलीत बसून चोवीस तासांहून जास्त वेळ ऐकावा लागतो. दोघांपैकी कोणाचं ऐकणं खरं, हा प्रश्नच चुकीचा आहे. पण नियम कोणाच्या बाजूनं असावा हे मला स्पष्ट दिसतं, कारण ढोल वाजवणारी घरी जाऊ शकते आणि रुग्ण घरीच आहे.

कानाला सवय होते, शरीराला नाही

इथवर वाचून कोणाला वाटेल की सगळं मनाचे खेळ आहेत, प्रेमानं ऐकलं की काही बिघडत नाही. तसं नाही.

रात्री रस्त्याच्या आवाजाची सवय झालेला माणूस जागा होत नाही आणि सकाळी सांगतो की छान झोप लागली. पण ट्रक गेला की झोपेतही हृदयाचे ठोके वाढतात, झोप खोलातून वर येते. वर्षानुवर्षं हे होत राहिलं की रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २०१८ मध्ये रहदारीसाठी सुचवलेली मर्यादा अहोरात्रीच्या सरासरीला ५३ डेसिबल आणि रात्रीला ४५ आहे. या अहोरात्रीच्या सरासरीत संध्याकाळ आणि रात्रीच्या आवाजाला जास्त वजन देतात.

आणि खुद्द कारागीर? बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं १७१३ मध्ये व्हेनिसच्या तांबटांविषयी लिहून ठेवलं आहे. ते सगळे एकाच मोहल्ल्यात राहत, दिवसभर तांबं ठोकत. इतका कल्लोळ की बाकीचे लोक तिथून पळ काढत. आणि त्या कामगारांचे कान हळूहळू निकामी होत जाऊन म्हातारपणी ते ठार बहिरे होत. व्हेनिसची तांबट आळीच ती. फरक एवढाच की तिथे शेजारी पळून गेले, कसब्यात राहिले. कानाच्या आतल्या नाजूक पेशींना मात्र कला, परंपरा, आपलेपणा यातलं काही कळत नाही. भारतातल्या कारखान्यांसाठी ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, जगात अनेक ठिकाणी ८५ पासूनच काळजी घ्यायला सांगतात, आणि हातोडीखालचा तांब्याचा हंडा कारागिराच्या कानाशी हे सहज ओलांडतो. घरातल्या कामशाळेला कारखान्याचे नियम लागत नाहीत. ‘पारंपरिक आवाज जपा’ असं म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी त्या कारागिराच्या कानात बोळे आहेत का, हे आधी विचारावं.

स्वतः ऐकायचं असेल तर

या क्षेत्रात ध्वनिफेरी नावाची पद्धत आहे आणि तिला काहीही खर्च नाही. चारपाच जणांनी मिळून एक वाट ठरवायची, समजा लाल महालापासून तांबट आळीतून कुंभारवाड्यापर्यंत. चालताना बोलायचं नाही. ठरलेल्या जागी थांबून दोनतीन मिनिटं नुसतं ऐकायचं आणि प्रत्येकानं आपापल्या कागदावर लिहायचं: रहदारी आणि यंत्रं किती ऐकू आली, माणसं किती, पक्षी-वारा-पाणी किती, एकूण बरं वाटलं की नको, आणि हे इथे साजेसं वाटलं का. एकमेकांचं बघून लिहायचं नाही. शेवटी कागद शेजारीशेजारी ठेवायचे. गटात एक जण आळीत वाढलेला आणि एक जण नवखा असेल तर खरी मजा येते. फोनवरच्या ॲपनं आकडाही टिपून ठेवावा, तो अगदी अचूक नसला तरी चालतो. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला असं दोनदा केलं तर एकाच वाटेचे दोन वेगळे मोहल्ले हाती लागतात.

पालिकेकडे तक्रार किंवा सूचना घेऊन जायचं तर असे कागद कामाला येतात, पण तिथे एक अडचण आहे. २००० च्या नियमांत परिसर चारच: औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता. पेठेत खाली दुकान, मागे कामशाळा, वर बिऱ्हाड, कोपऱ्यावर शाळा आणि समोर दवाखाना. एका भिंतीत तीन परिसर. अशा मिश्र भागासाठी नियमात एक टीप आहे: सक्षम प्राधिकरण त्याला या चारपैकी कुठलाही एक म्हणून जाहीर करू शकतं. निवासी म्हटलं तर तांबटावर घरातलं काम बंद करायची वेळ येऊ शकते, व्यापारी म्हटलं तर वरच्या बिऱ्हाडाची रात्रीची झोप कायद्यानंच १० डेसिबलनं स्वस्त होईल. पाचवा रकाना अजून कोणी आखलेला नाही.